जुनं जपानी स्टूल घेताना आधी त्याचं काम विचारा

कुणी 'अठराव्या शतकातलं अस्सल जपानी स्टूल' म्हणून काही दाखवलं, तर पैशाचं पाकीट खिशातच ठेवा. जुन्या जपानी घरात स्टूल हा प्रकार फारसा नव्हताच. माणसं तातामीच्या चटईवर झाबुतोन, म्हणजे चौकोनी उशी टाकून बसत. जेवण, लिहिणं, पाहुण्यांशी बोलणं सगळं जमिनीलगत. खुर्च्या आल्या त्या मेइजी काळात (१८६८-१९१२), त्याही आधी सरकारी कचेऱ्यांत, लष्करात आणि शाळांत. सामान्य घरात त्या खऱ्या अर्थानं रुळल्या दुसऱ्या महायुद्धानंतर, छोट्या अपार्टमेंटचं युग आल्यावर.

म्हणून नव्यानं शोधायला निघालेल्यांना मी एकच सांगतो: वय विचारायच्या आधी काम विचारा. ही वस्तू कशासाठी केली होती? वर चढायला, कारागिराला बसायला, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गासाठी, की १९६० च्या दशकातल्या फ्लॅटसाठी? उंची किती, वजन किती पेलेल, झीज कुठे असायला हवी आणि किंमत रास्त आहे की नाही, हे सगळं या एका उत्तरावरून कळतं. हा लेख मुख्यतः टोकियो-क्योटोकडे नव्यानं राहायला आलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. परत जाताना एखादा नग सोबत न्यायचा असेल तर त्याबद्दलही शेवटी लिहिलंय.

पहिली पायरी: टेप घ्या, मोबाईल नंतर

आधी ठरवा, बसणार कोण आणि कुठे. दारातल्या गेंकानमध्ये बूट घालायला बसायचंय, टेबलाशी जेवायला, की पलंगाशेजारी पुस्तकं ठेवायला आणि अधूनमधून बसायला?

टेबलासाठी असेल तर टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापासून बसायच्या जागेपर्यंत साधारण २७ ते ३० सेंमी अंतर लागतं. ७० सेंमीच्या टेबलाला म्हणजे ४० ते ४३ सेंमी उंचीची बैठक. बरीचशी जुनी जपानी आसनं याहून बुटकी असतात. ३५ सेंमीच्या सुंदर स्टुलावर बसून जेवायला लागलात की ताट हनुवटीशी येतं.

गेंकानसाठी मात्र ३०-३५ सेंमी उत्तम, तरुणांना. भारतातून सासू-सासरे किंवा आई-बाबा येऊन राहणार असतील तर ४० च्या खाली जाऊ नका. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला बुटक्या स्टुलावर बसणं जमतं, उठणं जमत नाही.

खोलीत तातामी असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. साध्या चार पायांच्या खुर्चीचे पाय तातामीत रुततात आणि कायमचे खड्डे पाडतात. म्हणून जपानी खुर्च्यांच्या काही घडणींत पुढचा-मागचा पाय खालून आडव्या पट्टीनं जोडलेला असतो. या पट्टीला तातामीझुरी म्हणतात. भार पसरतो, चटई वाचते. भाड्याच्या घरात घर सोडताना तातामीचे पैसे कापले जाऊ शकतात, तेव्हा ही पट्टी शोभेची समजू नका.

दुसरी पायरी: बाजारात काय काय दिसतं

सगळ्यात आधी फुमिदाई. ही खरं तर चढायची पायरी. वरच्या फडताळातलं काढायला, दिवा लावायला. खाली रुंद, वर अरुंद, खोक्यासारखा आकार, आणि वरच्या फळीत हात घालून उचलायला एक लांबट भोक. काहींच्या पोटात छोटा खण असतो. नवख्यानं पहिली वस्तू हीच घ्यावी असं माझं मत आहे. मुळातच उभ्या माणसाचं वजन पेलायला केलेली असल्यामुळे बसलेला माणूस तिला जड नाही. किंमत कमी, नकली करण्यात कुणाला रस नाही, आणि आपल्याकडच्या पाटाची सवय असलेल्या माणसाला ती लगेच आपलीशी वाटते.

मग शाळेची आणि कार्यशाळेची स्टुलं. शोवा काळात (१९२६-१९८९) शाळांच्या हस्तकला वर्गांत चौकोनी, ठोकळेबाज लाकडी स्टुलं असत. शाळा बंद झाल्या, सामान बदललं, तशी ती जुन्या बाजारात आली. खाली रंगानं किंवा शाईनं वर्गाचा क्रमांक लिहिलेला असतो, वर कुणीतरी करकटकानं कोरलेलं असतं. ही घासूनपुसून चकचकीत करणारे विक्रेते मला आवडत नाहीत. क्रमांक आणि शाईचे डाग गेले की उरतं ते नुसतं लाकडी खोकं.

एंदाई म्हणजे उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर टाकायचं बाक. क्योटोत चहाच्या टपऱ्यांपुढे लाल नमदा अंथरलेली अशी बाकं आजही दिसतात. गॅलरी असेल तर विचार करा, पण पावसापाण्यात राहिलेल्या एंदाईचे पाय खालून कुजलेले असतात. पाय वर करून टोकं बघितल्याशिवाय बोलूच नका.

घडीचं शोगी दिसेल. दोन चौकटी एकमेकींत कात्रीसारख्या अडकवलेल्या, वर कापड किंवा चामडं. रणांगणावर सेनापती ज्यावर बसत ते हेच. मोहात पडायला हरकत नाही, बसायला आहे. जुनं कापड आणि चामडं वजनानं फाटतं, आणि बाजारातली बरीचशी अलीकडची, सणासुदीच्या किंवा नाटकाच्या सजावटीसाठी केलेली असतात. तसंच क्योकुरोकु, झेन मठातल्या आचार्यांची वळणदार पाठीची खुर्ची. ती धर्मविधीची वस्तू आहे, महाग आहे आणि पारख करायला जाणकार लागतो. नवख्यानं लांबून नमस्कार करावा.

युद्धानंतरची मंडळी

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'व्हिंटेज जपानी' म्हणून घरात खरोखर वापरता येईल असं बहुतेक सगळं याच काळातलं आहे.

यामागाता प्रांतात तेंदो नावाचं गाव आहे. जपानी बुद्धिबळाच्या सोंगट्यांसाठी प्रसिद्ध. तिथे १९४० मध्ये सुतारांनी एकत्र येऊन काढलेली तेंदो मोक्को ही कंपनी युद्धानंतर साच्यात वाकवलेल्या प्लायवुडचं काम करू लागली. डिझायनर सोरी यानागी यांचं १९५४ चं बटरफ्लाय स्टूल इथेच तयार झालं. प्लायवुडचे दोन सारखे वळणदार तुकडे पाठीला पाठ लावून उभे केलेले, खाली पितळी दांडी, आणि बैठकीखाली दोन स्क्रू. संपलं स्टूल. १९५७ च्या मिलान त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. बैठकीची उंची सुमारे ३४ सेंमी, म्हणजे जेवणाच्या टेबलाचं हे काम नव्हे. आणि हे स्टूल आजही नवं मिळतं! म्हणून जुनं घेताना आधी नव्याची किंमत बघा. 'दुर्मीळ' म्हणून नव्यापेक्षा महाग विकत असेल तर तसं काय आहे त्यात, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

माझं लाडकं मात्र दुसरंच आहे: रेइको तानाबे यांचं १९६१ चं मुराई स्टूल, तेही तेंदो मोक्कोचंच. वाकवलेल्या प्लायवुडचे तीन एकसारखे तुकडे एकमेकांना धरून उभे राहतात. उंची ३६ सेंमी, वर सपाट, त्यामुळे चहाचा कप ठेवायलाही चालतं. बटरफ्लायचा मधला खोलगट भाग कपाला मानवत नाही.

वेताचं आवडत असेल तर रिकी वातानाबे यांचं १९५६ चं तोरिई स्टूल शोधा. कमरेत बारीक, डमरूसारखं दिसतं, हलकंफुलकं. इसामु केनमोची यांची १९६० ची वेताची गोल खुर्ची आणि तिच्या जोडीचं स्टूल याच घराण्यातलं. जुनं वेत घेताना बांधणीचे वेढे नखानं हलकेच उचलून बघा. कोरडं पडलेलं वेत कडकन तुटतं.

जमिनीवरच बसायचं असेल, पण पाठीला टेका हवा असेल, तर झाइसु, म्हणजे बिनपायांची खुर्ची. केंजी फुजिमोरी यांचं १९६३ चं झाइसु जुन्या बाजारात बऱ्यापैकी मिळतं. एकाच वाकवलेल्या फळीची पाठ आणि बैठक, बैठकीला मध्ये गोल भोक. त्या भोकामुळे वरची उशी सरकत नाही. एकात एक रचून ठेवता येतात, त्यामुळे छोट्या घरात पाहुण्यांसाठी चार घेऊन ठेवली तरी जागा एकाचीच जाते. जमिनीच्या आणि सोफ्याच्या मधलं काही हवं तर दाइसाकु चो यांची १९६० ची बुटकी खुर्ची आहे. बैठक जेमतेम २९ सेंमी, पण इतकी रुंद की मांडी घालून बसता येतं.

याशिवाय अकिता मोक्को (१९१०) आणि ताकायामाची हिदा सांग्यो (१९२०) या वाफेवर लाकूड वाकवणाऱ्या जुन्या कंपन्या, आणि नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचं लोककला वळणाचं जड, गडद फर्निचर. मात्सुमोतोची स्टुलं पिढ्यान्‌पिढ्या टिकावीत अशी असतात, पण एका हातानं उचलून इकडून तिकडे करायची नाहीत.

तिसरी पायरी: उलटं करा

बाजारात स्टुलावर बसण्याआधी ते उलटं करायचं. विक्रेत्याला विचारून, अर्थात. वरचा भाग कुणीही सजवतो. खरं काय ते खाली असतं.

फुमिदाई हातात घेतली असं समजा. आतून फळ्यांवर करवतीच्या किंवा रंध्याच्या खुणा दिसतात का? दिसणारी बाजू गुळगुळीत आणि न दिसणारी ओबडधोबड, हे हातकामाचं लक्षण. मग झीज बघा. माणूस पुढून चढतो, तेव्हा पुढची कड पायाच्या चवड्यानं गोलसर झालेली असते, मागची बरीच धारदार राहते. हाताच्या भोकाची आतली कड बोटांनी घासून तुळतुळीत, थोडी काळपट. चारी बाजूंच्या कडा सारख्याच गोल असतील तर ते सॅंडपेपरचं काम आहे. पन्नास वर्षं वापरणाऱ्या माणसाला चारही बाजूंनी सारखं चढायचं काही कारण नसतं.

जोड बघा. लाकडाची कूस दुसऱ्या लाकडाच्या खाचेतून आरपार नेऊन वरून पाचर ठोकलेली असेल तर छान. पाचर हलत असेल तर सुतार ती नव्यानं बसवू शकतो. बांबूचे खिळे दिसले तर घाबरू नका, ती जुनी आणि चांगली पद्धत आहे. उलट प्लस खाचेचा स्क्रू दिसला आणि विक्रेता 'मेइजी' म्हणत असेल, तर निदान तो स्क्रू तरी मेइजी नाही. तसे स्क्रू जगात १९३० च्या दशकात आले. पुढे कुणी दुरुस्ती केली असेल तर हरकत नाही, पण मग तसं सांगायला हवं.

डुगडुगतंय का, हे सपाट फरशीवर बघा, दगडी अंगणात नव्हे. पाय असमान असेल तर किरकोळ काम. जोडच सैल असेल तर जुना सरस किंवा भाताची खळ सुटलेली असते. हो, जपानी सुतार शिजवलेला भात घोटून केलेली खळही लाकूड चिकटवायला वापरत. ती काढून नव्यानं चिकटवता येते. पण आधीच्या मालकानं तिथे इपॉक्सी भरलं असेल तर ते खणून काढताना लाकूडच जातं.

लाकडाची ओळख वजनावरून सुरू करा. किरी (पाउलोनिया) फार हलकं, नख दाबलं तरी वळ उठतो. सुगी (जपानी सीडर) आणि हिनोकी (जपानी सायप्रस) सूचिपर्णी, सरळ रेषांचे, मऊ. हिनोकीचा वास जुनेपणीही थोडा येतो. केयाकी (झेल्कोवा) जड, रेषा ठसठशीत. कुरी (चेस्टनट) आणि नारा (ओक) त्याहून साधे दिसतात, पण दणकट. ही ओळख कीड बघतानाही उपयोगी पडते. पीठ पाडणारा बारीक भुंगा नारा-केयाकीसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या बाहेरच्या थरात आणि बांबूत शिरतो; सुगी-हिनोकीला तो सहसा जात नाही. १-२ मिमीची भोकं असतील तर काळ्या कागदावर स्टूल ठेवून वरून टपली मारा. पांढुरकं ताजं पीठ पडलं तर भुंगा अजून आत आहे. भोकं आहेत पण पीठ नाही, आतली कड काळपट झालीय, तर बहुधा तो कधीच निघून गेलाय. खात्रीसाठी घरी नेल्यावर काही आठवडे वेगळं ठेवावं.

प्लायवुडच्या वस्तूंत कडा हाच जीव. वळणाच्या जागी पदर सुटले असतील, नखानं उचलले जात असतील, तर दुरुस्ती अवघड आहे. बटरफ्लायचा दोन तुकड्यांचा सांधा हलवून बघा आणि पितळी दांडीचे आटे झिजलेत का पाहा. खाली कंपनीचं लेबल असतं. ते उडालेलं असलं म्हणून वस्तू नकली ठरत नाही, पण किंमत कमी करायला कारण मिळतं.

आणि एक सावधगिरी. ऑनलाइन 'जपानी अँटिक स्टूल' म्हणून जे दिसतं त्यात पुष्कळसं चिनी असतं: बाहेर झुकलेले पाय, बैठकीखाली पायांना जोडणारी कोरीव पट्टी, लाल किंवा काळं रोगण. चिनी घरात स्टुलांची परंपरा मोठी आहे आणि त्या वस्तू सुरेखच असतात. चिनी म्हणून चिनी भावात घ्या. ढोलाच्या आकाराच्या चिनी मातीच्या बागेतल्या बैठकांचंही तेच. मूळ प्रकार चिनी. जपानीही झाल्या, पण त्या बऱ्याच अंशी निर्यातीसाठी.

चौथी पायरी: कुठे आणि कसं घ्यायचं

टोकियोत युराकुचोच्या इंटरनॅशनल फोरमच्या प्रांगणात ओएदो बाजार भरतो, साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. पाऊस असेल तर निघण्याआधी चौकशी करा. क्योटोत तोजी मंदिरात दर २१ तारखेला, कितानो तेनमांगूला दर २५ ला. टोकियोतल्या सेतागायाचा बोरोइची बाजार डिसेंबर आणि जानेवारीत १५-१६ तारखेला. तो १५७८ पासून चालत आलेला आहे, गर्दीही त्याच मानानं. फर्निचर मोठ्या मंदिर-बाजारांत कमी आणि महाग असतं. वस्त्यांमधली जुन्यापान्या सामानाची दुकानं, ज्यांना फुरुदोगु म्हणतात, तिथे शांतपणे उलटंपालटं करून बघता येतं. मला तीच बरी वाटतात.

घासाघीस आपल्या मंडईतल्यासारखी करायची नाही. निम्म्या किमतीवर सुरुवात केलीत तर विक्रेता हसून पाठ फिरवेल. वस्तू हातात घेऊन, तिच्याबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारून मग हळूच 'मो सुकोशी यासुकु नारिमास का?' म्हणजे 'अजून थोडं कमी होईल का?' असं विचारायचं. दुपारनंतर, आवराआवर सुरू झाल्यावर, उत्तर जास्त गोड मिळतं.

ऑनलाइन लिलावात 'गेंजो-वाताशी' असा शेरा दिसला तर त्याचा अर्थ 'आहे तसं, नंतर तक्रार नको'. तळाचा आणि जोडांचा फोटो मागा. तो न देणाऱ्याकडून घेऊ नका. जपानमध्ये कुरियरचा दर साधारण तिन्ही बाजूंची बेरीज करून ठरतो. वस्तू हजार येनची आणि वाहतूक तिप्पट, असं सहज होतं.

स्वस्त आहे म्हणून चार उचलून आणायच्या आधी हेही ठाऊक असू द्या: टोकियोच्या २३ वॉर्डांत कुठलीही बाजू ३० सेंमीपेक्षा मोठी असेल तर ती वस्तू 'सोदाई गोमी', म्हणजे मोठा कचरा. टाकायची असेल तर आधी वेळ ठरवा, पैसे भरून स्टिकर आणा, मग ठरल्या दिवशी बाहेर ठेवा.

पाचवी पायरी: मायदेशी न्यायचं असेल तर

फुमिदाई किंवा बटरफ्लाय चेक-इन सामानात बसतं. बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा तिन्ही बाजू मिळून १५८ सेंमी असते आणि बटरफ्लायची बेरीज ११२ च्या आसपास भरते. सुटं करून कपड्यांत गुंडाळलं तर आणखी सोपं. स्क्रू आणि दांडी वेगळ्या पिशवीत, नाव लिहून.

रोजवुडचं विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला पातळ लाकडी थर, असलेल्या वस्तूंची मात्र आधी चौकशी करा. हे लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळातलं, आणि या कुळातल्या सगळ्या जाती २०१७ पासून साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. वजनानुसार सवलती आहेत, नियम बदलतात. दोन्हीकडच्या कस्टम्सचे चालू नियम बघा आणि खरेदीची पावती जवळ ठेवा. मॅपलच्या विनिअरचं घेतलंत तर हा प्रश्नच येत नाही.

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात सरसानं किंवा खळीनं जोडलेली वस्तू भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागून हवा खेळू द्या. ओल्या फडक्यानं फरशी पुसताना पाय भिजतात आणि कूस तिथूनच कुजायला लागते, म्हणून पुसताना स्टूल उचलून बाजूला ठेवायला सांगा. उरुशीचं, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेलं जपानी रोगण असेल तर थेट ऊन नको, त्यानं झळाळी जाते. स्पिरिट आणि फर्निचर स्प्रेही नको, मऊ कोरडं फडकं पुरे. पायांखाली नमद्याचे तुकडे लावणार असाल तर पावसाळ्यात ते काढून बघत जा. ओल धरून बसतात.